भाडे येईल, हप्ता जाईल? आधी हिशोब मांडा!

'एक खोली राहायला आणि एक खोली भाड्याला' हे आज नवी मुंबईतल्या आपल्या अनेक कुटुंबांचे स्वप्न आहे. घरातला कर्ता माणूस निवृत्त होतो, फंड आणि ग्रॅच्युइटीचे पैसे हाती येतात, किंवा मुलगा नोकरीला लागतो आणि त्याच्या पगारावर बँक कर्ज द्यायला तयार होते. मग कोणी नातेवाईक, कोणी दलाल सांगतो, "दुसरी खोली घेऊन टाका. भाडे येईल, हप्ता जाईल. वीस वर्षांनी खोली फुकटात आपली!"

बोलणे ऐकायला गोड आहे. पण याच बोलण्यावर विसंबून काही कुटुंबांनी राहते घर गहाण टाकले आहे आणि मुलीचे शिक्षण अर्ध्यावर थांबवले आहे. म्हणून घर भाड्याने देण्याच्या नादाला लागण्याआधी त्यातला पैसा, त्यातला कागद आणि त्यातला माणूस या तिन्ही गोष्टी नीट समजून घ्याव्यात, यासाठी हा लेखनप्रपंच.

हे शहर आणि आपण

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ९५ गावांच्या जमिनीवर नवे शहर वसवायचे ठरले. १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल झाला, १९९२ मध्ये मानखुर्दहून लोकल वाशीला आली आणि त्याच वर्षी नवी मुंबई महानगरपालिका सुरू झाली. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने, एपीएमसीचा बाजार, बांधकामाचे नाके या सर्वांनी मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशातून आलेल्या आपल्या माणसांना काम दिले. तुर्भे, दिघा, कोपरखैरणे, घणसोली, कळंबोली येथे आपल्या वस्त्या उभ्या राहिल्या. कोणाला सिडकोची सोडत लागली, कोणी माथाडी म्हणून घर मिळवले, कोणी झोपडीतून सुरुवात केली.

शहर अजून वाढतेच आहे. २०२३ मध्ये बेलापूर-पेंधर मेट्रो धावली, २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि २०२५ च्या डिसेंबरात विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली. बाहेरून येणाऱ्या नोकरदारांना राहायला खोल्या हव्या आहेत, हे खरे. पण गिऱ्हाईक आहे म्हणजे नफा आहे, असा अर्थ नव्हे.

भाड्याने हप्ता फिटतो का?

एक साधा हिशोब मांडून पाहू. एका लहान खोलीची किंमत ३० लाख रुपये धरू. त्यापैकी २० लाख बँकेचे कर्ज, ९ टक्के व्याज, मुदत २० वर्षे. महिन्याचा हप्ता होतो १७,९९५ रुपये. उरलेले १० लाख पदरचे घालावे लागतील. शिवाय मुद्रांक शुल्क सहा-सात टक्के म्हणजे सुमारे दोन लाख, नोंदणीचे ३० हजार आणि दलाली वेगळी. ही वरची रक्कम बँक सहसा कर्जात धरत नाही, ती रोखच काढावी लागते.

आता भाडे पाहू. महिन्याला १० हजार मिळाले असे समजू. पण खोली बारा महिने भरलेली राहत नाही. एक भाडेकरू गेला की दुसरा येईपर्यंत महिनाभर तरी कुलूप असते. म्हणून वर्षाचे भाडे ११ महिन्यांचेच धरावे, म्हणजे १,१०,००० रुपये. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स महिना १,२०० प्रमाणे १४,४०० गेला. मालमत्ता कर ३,००० धरू. रंग, नळ, गळती, वायरिंग यांसाठी वर्षाला १०,००० बाजूला ठेवावेच लागतात. हाती उरले ८२,६०० रुपये.

आणि वर्षाचे हप्ते किती? २,१५,९४० रुपये. म्हणजे १,३३,३४० रुपयांची तूट. दर महिन्याला ११ हजारांहून अधिक रुपये पगारातून घालावे लागतील. वीस वर्षांत बँकेला एकूण ४३ लाखांच्या वर रक्कम जाईल, त्यात २३ लाखांहून अधिक निव्वळ व्याज. 'भाडे येईल, हप्ता जाईल' या वाक्यातला अर्धा भाग खरा आहे. भाडे येते, पण ते हप्त्याच्या निम्म्यालाही पुरत नाही.

आकडे प्रत्येकाचे वेगळे असतील. तुमच्या सेक्टरमधली किंमत आणि भाडे घालून हाच हिशोब वहीवर करा. वर्षे जातील तसे भाडे वाढेल आणि कदाचित खोलीची किंमतही वाढेल. पण वाढलेल्या किमतीने आज चूल पेटत नाही. महिना ११ हजार वर्षानुवर्षे काढून देण्याची ताकद घरात असेल, एक नोकरी गेली तरी हप्ता चुकणार नसेल, तरच या वाटेला जावे.

ज्यांनी कर्ज घेतले आहे त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतीआधी परतफेडीसाठी बँक दंड लावू शकत नाही. वरच्या उदाहरणात वर्षाला एक हप्ता जादा भरला तरी कर्ज सुमारे साडेतीन वर्षे आधी फिटते. बोनस आला की आधी हे करावे.

निवृत्त माणसाचा हिशोब आणखी निराळा आहे. त्याच्याजवळ ३० लाख असतील आणि त्याने कर्ज न काढता खोली घेतली, तर वरच्या हिशोबाने वर्षाला ८२,६०० हाती येतात. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत २०२३ पासून ३० लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते. २०२४ मध्ये तिचा व्याजदर ८.२ टक्के होता. त्या दराने वर्षाला २,४६,००० रुपये होतात आणि ते दर तीन महिन्यांनी खात्यात जमा होतात. तिथे ना भाडेकरूच्या मागे धावायचे, ना गळती काढायची. खोली मुलांना राहील हे खरे, पण म्हातारपणी औषधाला पैसा कोणता उपयोगी पडेल, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पैसा कुठून आणायचा, कुठून आणायचा नाही

भगवान बुद्धांनी सिगाल या गृहस्थपुत्राला संसाराचा उपदेश करताना मिळकतीचे चार भाग करायला सांगितले. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यात आणि चौथा भाग अडीअडचणीसाठी राखून. अनाथपिंडिकाला त्यांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली. त्यांत ऋण नसण्याचे सुख हे एक आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही शिकवण आजच्या हप्त्याच्या जमान्यात अधिकच खरी वाटते. चौथा भाग, म्हणजे अडचणीचा पैसा, दुसऱ्या खोलीत कधीही घालू नये. निदान सहा महिन्यांचा घरखर्च आणि सहा हप्ते बाजूला असल्याशिवाय सहीच करू नये.

सुरुवातीची रक्कम उभी करण्यासाठी काही जण भिशी आणि सावकाराकडे जातात. शेकडा ३ टक्के महिना म्हणजे वर्षाला ३६ टक्के. एवढे व्याज देऊन घेतलेली खोली नफा देईल, अशी आशा कोणी बाळगू नये. राहते घर गहाण टाकून दुसरे घेणे हे तर एका पायावर उभे राहून दुसरा पाय उचलण्यासारखे आहे. आणि मुलांच्या फीला हात लावू नये, हे बाबासाहेबांच्या अनुयायाला वेगळे सांगायला नको.

आणखी एक धोका 'हेवी डिपॉझिट'चा. भाडेकरूकडून चार-पाच लाख घ्यायचे आणि त्याबदल्यात भाडे अगदी कमी किंवा शून्य. गरजेच्या वेळी ही रक्कम लॉटरीसारखी वाटते. पण ते पैसे आपले नव्हेत. अकरा महिन्यांनी भाडेकरू निघाला की पूर्ण रक्कम परत करायची असते. ती खर्च झालेली असली की नव्या भाडेकरूचे घेऊन जुन्याला द्यायचे, असे चक्र सुरू होते. एखादे वेळी नवा भाडेकरू मिळत नाही, जुना खोली सोडत नाही आणि भांडण पोलिसात जाते. डिपॉझिट घ्यावे, पण दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतके. आणि ते बँकेत वेगळ्या ठेवीत ठेवावे.

स्वस्त खोली महाग पडते

दिघ्याची गोष्ट विसरण्यासारखी नाही. तेथे एमआयडीसी आणि सिडकोच्या जमिनींवर परवानगीशिवाय इमारती उभ्या राहिल्या. स्वस्त मिळते म्हणून कष्टकरी कुटुंबांनी आयुष्याची पुंजी घालून तेथे घरे घेतली. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा ९९ इमारतींवर कारवाईचा आदेश दिला आणि शेकडो संसारांवर टांगती तलवार आली. बांधणारा पैसे घेऊन मोकळा झाला होता, रस्त्यावर येण्याची पाळी घेणाऱ्यावर आली.

म्हणून खोली राहायला असो की भाड्याला, पुढील गोष्टी पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये. इमारतीला बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र आहे का? सिडकोने आपली जमीन भाडेपट्ट्याने दिलेली असते. तेव्हा विकणाऱ्याचे नाव सिडकोच्या दप्तरात चढले आहे का? सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट कोणाच्या नावावर आहे? आधीचे कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला आहे का? नवी इमारत असेल तर महारेराकडे तिची नोंद आहे का? हा कायदा २०१७ पासून पूर्णपणे अमलात आहे.

नवी मुंबईत अनेक घरे नुसत्या मुखत्यारपत्रावर आणि नोटरीच्या कागदावर हातोहात फिरली आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट सांगितले आहे की मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच लागते. बँक ज्या घरावर कर्ज द्यायला नकार देते, त्या घराचे कागद दुसऱ्यांदा तपासावेत. कागद स्वच्छ असता तर बँकेने नाही का म्हटले असते?

घर कोणाच्या नावावर घ्यावे? महाराष्ट्रात २०२१ पासून घर फक्त स्त्रीच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. ३० लाखांच्या खोलीवर हे ३० हजार रुपये झाले. स्त्रियांच्या संपत्तीच्या हक्कासाठी बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल मांडले आणि ते रखडल्यावर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. त्यांची लेकरे म्हणवणाऱ्यांनी घर पत्नीच्या नावावर करताना मागेपुढे पाहू नये. मात्र नाव तिचे असेल तर भाड्याचा पैसाही तिच्याच खात्यात यावा.

अकरा महिन्यांचा करार आणि एक गैरसमज

'अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही,' असे आजही सर्रास सांगितले जाते. हे चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि तो नोंदवलेला हवा, मग मुदत अकरा महिन्यांची असली तरीही. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी केली नाही आणि पुढे वाद झाला, तर करार कोणत्या अटींवर झाला याबद्दल भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे असल्याचे मालकाला सिद्ध करावे लागते. शिवाय या कायद्यात मालकाला कैद आणि दंडाची तरतूद ठेवलेली आहे.

खर्चाला भिण्याचे कारण नाही. पाच वर्षांपर्यंतच्या करारावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. ते एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटच्या वार्षिक १० टक्के व्याजावर मोजतात. १० हजार भाडे, ५० हजार डिपॉझिट आणि ११ महिने असतील तर हे शुल्क तीनशे रुपयांच्या आसपास होते. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. नोंदणी ऑनलाइन होते, दोघांच्या अंगठ्याचे ठसे घेतले जातात. भाडेकरूची माहिती पोलिस ठाण्याला द्यावी आणि कराराची प्रत सोसायटीला द्यावी. खोली भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी जादा आकार घेते. तो सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त असू नये, असा शासनाचा २००१ चा आदेश आहे. मनमानी रक्कम मागितली तर हा आदेश दाखवावा.

भाडे शक्यतो बँकेतून घ्यावे. रोख घेतले तर पावती द्यावी. वीजबिल कोण भरणार, मेंटेनन्स कोणाचा, खोली सोडण्याआधी किती दिवस कळवायचे, डिपॉझिटमधून काय कापता येईल, हे सारे करारात लिहावे. खोली देताना पंखे, नळ, मीटरचा आकडा यांची यादी करून दोघांनी सही करावी. वर्षअखेरीस भाडे हे उत्पन्न म्हणून दाखवावे लागते. त्यातून भरलेला मालमत्ता कर वजा होतो आणि उरलेल्या रकमेच्या ३० टक्के सरसकट वजावट मिळते. कष्टकरी घराला यात भिण्यासारखे काही नसते, लपवाछपवीत मात्र असते.

'आपलाच भाऊबंद आहे, कागद कशाला?' असे म्हणून दिलेली खोली हेच पुढे भाऊबंदकीचे कारण होते. साडू असो, गावाकडचा असो, एकाच विहारात बसणारा असो, करार करावाच. कागद हा अविश्वास नव्हे. उद्याचे भांडण आजच मिटवून ठेवण्याची ती रीत आहे.

भाडेकरूची जात विचारू नका

सप्टेंबर १९१७. कोलंबियात शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. पण राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना खोली सोडावी लागली. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे त्यांनी आसरा मागितला, दोघांनीही टाळले. कामाठी बागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि ते मुंबईला परतले. पुढे परळच्या बीआयटी चाळीच्या दोन खोल्यांत त्यांचा संसार अनेक वर्षे चालला, आणि मग दादरला 'राजगृह' उभे राहिले. भाड्याची जागा नाकारली जाणे म्हणजे काय, हे आपल्या उद्धारकर्त्याने स्वतः भोगले आणि लिहूनही ठेवले.

हे दिवस संपले असे म्हणता येत नाही. आजही आपल्या शिकल्या-सवरल्या मुलांना आडनाव विचारले जाते, 'मांसाहार चालत नाही' असे सांगितले जाते, आणि कालपर्यंत रिकामी असलेली खोली आज अचानक 'गेलेली' असते. मग किल्ली आपल्या हाती आल्यावर आपण काय करायचे? आपणही 'यांचे लोक नकोत, त्यांचे लोक नकोत' म्हणायचे का? मुसलमान कुटुंब, उत्तरेतून आलेला मजूर, नवऱ्याने टाकलेली बाई, एकटी राहणारी नर्स, या सर्वांना शहरात दारोदार फिरावे लागते. आमचे म्हणणे एवढेच की माणूस कामावर जातो का, भाडे देण्याची ऐपत आहे का, कागद खरे आहेत का, हे जरूर तपासा. जात, धर्म आणि स्वयंपाकघर तपासू नका. बौद्धाचे घर भाड्याने मिळवताना कोणालाही खोटे नाव सांगावे लागू नये.

सम्यक आजीविकेचे बंधन मात्र आहे. जास्त भाडे मिळते म्हणून दारू-मटक्याच्या अड्ड्याला खोली देणे हे पंचशील घेतलेल्याला शोभत नाही. करारात तशी अट घालावी. एका खोलीत पंधरा-वीस मजूर कोंबून डोक्यामागे पैसे घेणे हीही पिळवणूकच आहे. आपल्या बापजाद्यांनी ती सोसली आहे, आपण ती करू नये.

भाडे थकले तर

आधी बोलावे. आजारपण किंवा सुटलेली नोकरी असेल तर एक-दोन हप्ते पाडून द्यावेत, पण तेही कागदावर. बोलून भागत नसेल तर लेखी नोटीस द्यावी. वीज-पाणी तोडणे, कुलूप फोडणे, सामान बाहेर फेकणे यातले काहीही करू नये. त्याने मालकच गुन्ह्यात अडकतो. मुदत संपूनही खोली सोडली नाही, तर कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. हा दरवाजा उघडण्यासाठी हातात करार हवा, म्हणूनच वर नोंदणीवर इतका भर दिला.

घरात भाड्याची एक वही ठेवावी. एका पानावर आवक, समोर जावक. ती घरातल्या शिकणाऱ्या मुलीला लिहायला द्यावी आणि महिनाअखेरीस सर्वांसमोर वाचावी. त्या वहीत तूट दिसली तर ती सर्वांना मिळून भरता येईल. नफा दिसला तर त्यातला पहिला वाटा तिच्या पुस्तकांचा असावा.

दुसरी खोली घेऊ नका, असे आमचे सांगणे नाही. ज्या समाजाला गावाबाहेर ठेवले गेले, त्याच्या नावावर शहरात दोन दारे असावीत, यासारखी अभिमानाची गोष्ट नाही. पण ते दार कर्जाच्या पाशात अडकवणारे नसावे, आणि त्यातून आत येणाऱ्याला माणूस म्हणून आत घेणारे असावे. हिशोब जमत असेल तर खुशाल घ्या. जमत नसेल तर थांबा, मुलांना शिकवा. शिकलेली पिढी आपले दार आपण उघडेल.

जयभीम!